वकिलाचा कारकून

वकिलाचा कारकून : न्यायालयात व्यवसाय करणाऱ्या विधिज्ञाच्या कार्यालयातील लेखन, दप्तर, हिशेब, मुदतींची नोंद आणि न्यायालयीन कचेऱ्यांशी येणारा दैनंदिन संबंध ही कामे सांभाळणारा साहाय्यक. नागपूर व विदर्भात त्यास बहुधा मुन्शी म्हणतात. ‘मुन्शी’ हा शब्द मूळचा अरबी असून लेखनरचना करणारा असा त्याचा अर्थ आहे. इंग्लंड-अमेरिकेत हेच काम करणाऱ्यास विधिसचिव ही संज्ञा रूढ आहे. शासनाच्या विधी व न्याय विभागाचा सचिव किंवा कंपनी कायद्याखालील कंपनी सचिव यांच्याशी त्याचा संबंध नाही. तहसील कचेरीच्या आवारात बसणारे अर्जनवीस व दस्तलेखक हेही त्याहून भिन्न होत; ते येईल त्या माणसाचा कागद ठराविक मोबदल्यात लिहून देतात, तर मुन्शी एका वकिलाशी बांधलेला असतो आणि त्याच्या सर्व पक्षकारांच्या कामांची माहिती बाळगतो.

दाव्याचा निकाल युक्तिवादाने लागतो, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. दावा वेळेत दाखल झाला की नाही, मुद्रांक पुरेसा लागला की नाही, समन्स योग्य पत्त्यावर बजावले गेले की नाही, नक्कल केव्हा मागितली, यांवर युक्तिवादाची संधी मिळणेच अवलंबून असते. ही सर्व कामे प्रत्यक्षात कारकुनाच्या हातून होतात. तरीही या व्यवसायाला नियमबद्ध शिक्षण किंवा निश्चित दर्जा भारतात दीर्घकाळ लाभला नाही. नागपूरच्या न्यायव्यवस्थेच्या इतिहासात ही विसंगती विशेष स्पष्टपणे दिसते.

पूर्वपीठिका : न्यायदानात लेखकाला स्थान देण्याची प्रथा भारतात प्राचीन आहे. बृहस्पतीने न्यायसभेची जी दहा अंगे सांगितली आहेत, त्यांत राजा, प्राड्‌विवाक व सभ्य यांच्या बरोबरीने गणक आणि लेखक यांचा समावेश आहे. गणकाने वादातील रकमेचा हिशेब करावा आणि लेखकाने कथने व निर्णय लिहून काढावे, अशी ही विभागणी होती. कौटिलीय अर्थशास्त्रात राजशासने लिहिणाऱ्या लेखकाच्या गुणांचे स्वतंत्र प्रकरण आहे. मजकुराचा क्रम, पूर्वापर संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टपणा हे लेखाचे गुण तेथे सांगितले असून भराभर रचना करणे, सुवाच्य अक्षर आणि लिखित मजकूर वाचण्याचे सामर्थ्य यांची लेखकाकडून अपेक्षा केली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख्य म्हणजे दस्तऐवज कसा असावा, त्यावर साक्षी कशा असाव्यात, याचा विचार आढळतो. हा लेखक मात्र न्यायसभेचा होता, पक्षकाराचा नव्हता.

मराठा अमदानीतील न्यायपद्धतीही मुख्यतः लेखी होती. वादी-प्रतिवादी आपापली तकरीर व करीना लिहून देत, जामीनकतबे घेतले जात, साक्षी-पुरावा होऊन महजर किंवा निवाडपत्र तयार होई. त्या काळी ‘वकील’ हा शब्द प्रामुख्याने एका दरबाराचा दुसऱ्या दरबारातील प्रतिनिधी या अर्थाने वापरीत. वादात पक्षकार बहुधा स्वतःच उभा राही. त्यामुळे लेखनाचे कसब दरबारी दप्तरात एकवटले होते. फडणीस, चिटणीस, मुजुमदार ही पदे त्याची साक्ष देतात. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात चिटणीशीचे काम वंशपरंपरेने ज्या घराण्याकडे होते, त्याला चिटणवीस हेच आडनाव मिळाले. शहराच्या महाल भागातील चिटणवीसपुरा या वस्तीच्या नावात ते टिकून आहे. मोडी लिपीचा सराव, मायन्यांचे ज्ञान व हिशेबाची शिस्त हा या दप्तरी परंपरेचा वारसा होय. [⟶ मोडी लिपि].

ब्रिटिश अंमल व नवे न्यायालयीन व्यवहार : १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूर राज्याच्या कारभारावर ब्रिटिश रेसिडेंटचा प्रभाव वाढला आणि तिसऱ्या रघूजींच्या अल्पवयात रिचर्ड जेंकिन्स याने कारभार प्रत्यक्ष आपल्या देखरेखीखाली चालविला. १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींचे निपुत्रिक निधन झाल्यावर १८५४ मध्ये राज्य खालसा करण्यात आले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली व न्यायिक आयुक्ताचे न्यायालय हे प्रांतातील वरिष्ठ न्यायालय ठरले. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला.

या काळात एकापाठोपाठ एक आलेल्या कायद्यांनी न्यायालयीन कामाचे स्वरूप बदलले. १८७० चा न्यायालय शुल्क अधिनियम, १८७२ चे पुरावा व करार अधिनियम, १८९९ चा मुद्रांक अधिनियम, १९०८ चे दिवाणी प्रक्रिया संहिता, मुदत व नोंदणी अधिनियम यांमुळे प्रत्येक कागदाला विशिष्ट नमुना, विशिष्ट शुल्क आणि विशिष्ट मुदत प्राप्त झाली. कैफियतीखाली सत्यापन नसणे, वकीलपत्रावर सही नसणे किंवा शुल्क कमी पडणे हे आता दोष ठरू लागले. न्यायालयाने दिलेल्या वेळेत शुल्काची तूट भरून न काढल्यास दावा नामंजूर करण्याची तरतूद संहितेत आहे. कायदा जाणणारा वकील आणि कागद जाणणारा कारकून अशी श्रमविभागणी यातून अपरिहार्य झाली.

१८७९ च्या विधिव्यवसायी अधिनियमाने वकील, मुखत्यार व महसूल अभिकर्ते यांचे नियमन केले. त्याच अधिनियमाखाली पक्षकार गोळा करून वकिलांकडे पोहोचविणाऱ्या दलालांच्या याद्या करून त्यांना न्यायालयाच्या आवारात येण्यास मनाई करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. त्यामुळे खरा कारकून कोणता आणि दलाल कोणता, हे ठरविण्याची गरज निर्माण झाली. पुढे अनेक ठिकाणच्या न्यायालयीन नियमांत वकिलांच्या कारकुनांची नोंदणी व ओळखपत्र यांची तरतूद झाली, तिचे एक कारण हेच होय. सर्वोच्च न्यायालयात तर ज्या वकिलास अभिलेखावरील अधिवक्ता म्हणून नोंद करावयाची असेल, त्याने ठराविक मुदतीत नोंदणीकृत कारकून नेमण्याची हमी द्यावी लागते.

नागपूरचे वैशिष्ट्य : मुंबई व कलकत्ता येथील उच्च न्यायालयांच्या आरंभिक दिवाणी शाखेत इंग्लंडप्रमाणे दुहेरी पद्धत होती. पक्षकाराशी बोलणे, कागद जमविणे व पत्रव्यवहार ही सॉलिसिटरची कामे, तर न्यायालयात युक्तिवाद हे बॅरिस्टर अथवा अधिवक्त्याचे काम. सॉलिसिटरच्या पेढ्यांत अनुभवी व्यवस्थापक-कारकुनांची परंपरा निर्माण झाली. इंग्लंडमध्ये अशाच एका कार्यालयात चार्ल्स डिकिन्झने १८२७-२८ मध्ये उमेदवारी केली आणि पुढे लघुलेखन शिकून तो वार्ताहर झाला. मुंबईतील ही दुहेरी पद्धत १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात १९७६ साली झालेल्या दुरुस्तीने संपुष्टात आली.

नागपुरास सॉलिसिटर कधीच नव्हते. न्यायिक आयुक्ताच्या न्यायालयाच्या जागी ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूर उच्च न्यायालयाचे उद्‌घाटन झाले व सर गिल्बर्ट स्टोन हे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले; परंतु या न्यायालयालाही मुंबईसारखी आरंभिक दिवाणी शाखा नव्हती. परिणामी मुंबईत सॉलिसिटरची पेढी जे काम करी, ते येथे वकिलाच्या घरातील बैठकीत बसणाऱ्या मुन्शीच्या वाट्याला आले. खेड्यातून आलेल्या पक्षकाराची हकिकत प्रथम तोच ऐके, गाठोड्यातले कागद तारखेवार लावी, उणे असलेले उतारे कोठे मिळतील ते सांगे आणि वकिलापुढे प्रकरण मांडण्याजोगे करून ठेवी. सॉलिसिटरची जबाबदारी त्याने उचलली; सॉलिसिटरचे शिक्षण व प्रतिष्ठा त्याला मिळाली नाही.

या कामाला विदर्भातील जमीनव्यवस्थेने आणखी गुंतागुंत आणली. नागपूर विभागात मालगुजारी, तर वऱ्हाडात खातेदारी पद्धत होती. मालगुजारी गावातील दाव्यांत खसरा, जमाबंदी आणि गावच्या रूढी नमूद करणारे वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला लागत. गुरचराई व जळाऊ लाकडाच्या हक्कांसाठी निस्तार पत्रक पाहावे लागे. १९५० च्या अधिनियमाने मालगुजारी नष्ट झाली, तरी तिच्यातून उद्‌भवलेले वाद पुढे चालू राहिले. १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, विदर्भासाठी केलेला १९५८ चा कूळवहिवाट अधिनियम आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता असे कायदे एकाच शेताला वेगवेगळ्या काळी लागू झाले. घरभाड्याच्या प्रकरणांत विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलात येईपर्यंत लागू होता. त्यामुळे मुंबई-पुण्याचे नमुने येथे जसेच्या तसे उपयोगी पडत नसत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नागपूर उच्च न्यायालयाचे स्थान जाऊन जबलपूर येथे मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय सुरू झाले व नागपुरास मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले; १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाने त्याला कायम स्वरूप दिले. हेन्री मेड याने आराखडा केलेल्या आणि १९४० मध्ये उद्‌घाटन झालेल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीतच खंडपीठाचे काम चालू राहिले. इमारत तीच राहिली, पण नियम बदलले. महाकोशलातील वकिलांशी असलेला संबंध तुटला, मुंबईचे नमुने व शुल्काचे दर यांची ओळख करून घ्यावी लागली. बुलढाण्यासारख्या, सुमारे ३५० किमी. अंतरावरील जिल्ह्यातून येणारी अपिले नागपुरातील वकिलाकडे टपालाने येत. पोच देणे, त्रुटी कळविणे व पुढची तारीख कळविणे हा पत्रव्यवहार मुन्शीकडेच असे.

नागपूर हे विधिवाङ्‌मयाचेही केंद्र होते. ऑल इंडिया रिपोर्टर ही निर्णयसंग्रहाची मालिका येथूनच प्रकाशित होत आली असून तीत १९१४ पासूनचे निर्णय आहेत. इंडियन लॉ रिपोर्ट्‌सची नागपूर मालिका १९३६ पासून निघाली. वकिलाने निर्णयाचा नुसता उल्लेख करताच वर्ष, न्यायालय व पृष्ठ यांवरून नेमका खंड काढून देणे हे चांगल्या कारकुनाचे लक्षण मानले जाई.

कौशल्ये : कारकुनाच्या कामाचे पाच मुख्य भाग पाडता येतात.

(१) मुदतींची गणना व रोजनिशी : हे सर्वांत जोखमीचे काम. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस, तर उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या १२ व्या कलमानुसार निकालाचा दिवस व नक्कल मिळण्यास लागलेला काळ वगळला जातो. समजा, निकाल २ जुलै रोजी लागला, नकलेचा अर्ज १० जुलैला दिला आणि नक्कल २४ जुलैला तयार झाली. मूळ मुदत १ ऑगस्टला संपते. १० ते २४ जुलै हे १५ दिवस वगळल्यास ती १६ ऑगस्टपर्यंत जाते. परंतु तयार असलेली नक्कल कारकुनाने ५ ऑगस्टला उचलली, तर मधले दिवस वगळले जात नाहीत. तसेच अर्जापूर्वीचे दिवस पक्षकाराच्याच खात्यावर पडतात. म्हणून निकाल ऐकताच त्याच दिवशी नकलेचा अर्ज देणे हा या व्यवसायातील पहिला धडा होय. शेवटचा दिवस सुटीचा असल्यास न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, हेही त्याला ठाऊक असावे लागते. रोजनिशीत प्रत्येक प्रकरणाची मागची तारीख, पुढची तारीख आणि त्या दिवशी करावयाचे काम या तिन्ही नोंदी असतात. नुसती पुढची तारीख लिहिणारी रोजनिशी अपुरी ठरते.

(२) लेखन व प्रतिलेखन : दावा, लेखी जबाब, शपथपत्र, दरखास्त, वकीलपत्र यांचे नमुने तयार ठेवणे, वकिलाने सांगितलेला मजकूर उतरून घेणे आणि प्रत मुळाशी ताडून पाहणे. नाव, गट क्रमांक, चतुःसीमा व रक्कम यांत झालेली एका अक्षराची वा अंकाची चूक हुकूमनाम्यात उतरते आणि अंमलबजावणीच्या वेळी अडचण उभी करते. आरंभी बोरूने व टाकाने होणारे हे लेखन विसाव्या शतकात टंकलेखन यंत्रावर आले. १९५५ पासून गोदरेज कंपनीने भारतातच टंकलेखन यंत्रे बनविण्यास आरंभ केल्यावर ती अधिक प्रमाणात उपलब्ध झाली. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेत मिनिटास ३० व ४० शब्दांचे टंकलेखन उत्तीर्ण होणे ही नोकरीची किमान पात्रता ठरली. लघुलेखन जाणणाऱ्यास अधिक वेतन मिळे.

(३) दाखल करणे व पाठपुरावा : शुल्क मोजणे, मुद्रांक लावणे, तलबाना भरणे, बेलिफास पत्ता दाखविणे, नाझराकडून रक्कम मिळविणे, शिरस्तेदाराने काढलेल्या त्रुटी दूर करणे, रोजनामा पाहून आदेश टिपणे. कागद न्यायालयात कोणकोणत्या टेबलांवरून जातो, हे पुस्तकात सापडत नाही.

(४) दप्तर व हिशेब : प्रत्येक प्रकरणाची फाईल, मूळ दस्तांची स्वतंत्र यादी व पोच, आणि पक्षकाराकडून आलेल्या पैशाचा जमाखर्च. फी किती व खर्चासाठी किती रक्कम आली, हे वेगळे दाखविण्याचे बंधन भारतीय अधिवक्ता परिषदेच्या नियमांनी वकिलावर घातले आहे; ते प्रत्यक्षात पाळणे कारकुनाच्या वहीवर अवलंबून असते.

(५) भाषा : नागपूरच्या कारकुनास मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांचे व्यवहारज्ञान लागे, जुन्या दस्तांसाठी मोडीही आवश्यक असे. जुन्या मध्य प्रदेशात १९५० च्या अधिनियमाने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. महाराष्ट्रात १९९८ मध्ये मराठी ही दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून अधिसूचित झाली, तर उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीतच राहिले. त्यामुळे खालच्या न्यायालयातील मराठी कागदांचे भाषांतर हे अपिलाच्या तयारीतील एक मोठे काम बनले.

विधिविषयक स्थान : १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या १२६ व्या कलमाने पक्षकाराने वकिलास सांगितलेली माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन वकिलावर घातले, आणि १२७ व्या कलमाने तेच बंधन दुभाषे व वकिलांचे कारकून यांस लागू केले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमात ही तरतूद कायम आहे. म्हणजे कारकुनाची विश्वासाची भूमिका कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखली. जबाबदारीची ही ओळख पटली, तरी त्याच्या प्रशिक्षणाची किंवा वृद्धापकाळाची सोय मात्र कायद्याने त्याबरोबर केली नाही. वेतन बहुतांशी वकिलाच्या मर्जीवर व पक्षकाराकडून मिळणाऱ्या मुन्शियान्यावर राही. वकिलाचे निधन झाले की, अनेक वर्षे सेवा केलेल्या कारकुनास दुसरी बैठक शोधावी लागे. केरळने २००३ मध्ये अधिवक्त्यांच्या कारकुनांसाठी कल्याणनिधीचा स्वतंत्र अधिनियम केला, हा या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा होय.

कारकुनाच्या चुकीचे फळ पक्षकाराने भोगावे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे वारंवार आला आहे. विलंब माफीच्या अर्जांत तारीख चुकीची टिपली गेली, कागद दुसऱ्या गठ्ठ्यात गेला, ही कारणे नेहमी आढळतात. वकिलाच्या कसुरीचा भुर्दंड निरपराध पक्षकारावर पडू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने रफीक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) या निर्णयात घेतली, आणि अनंतनागचे भूसंपादन जिल्हाधिकारी विरुद्ध कातिजी (१९८७) या निर्णयात विलंब माफीबाबत उदार दृष्टी ठेवण्यास सांगितले. तथापि माफी हा हक्क नाही. पुरेसे कारण दाखवावेच लागते. अल्पभूधारकाची एकुलती एक जमीन ज्या अपिलावर अवलंबून असते, ते रोजनिशीतील एका नोंदीअभावी मुदतबाह्य ठरू शकते.

इतर देश : इंग्लंडमध्ये बॅरिस्टरचा कारकून कामे मिळविणे, तारखा जुळविणे व फी ठरविणे ही कामे करतो आणि व्यवसायात त्याचे वजन मोठे असते. अमेरिकेत टंकलेखन यंत्राच्या प्रसाराबरोबर स्त्रिया मोठ्या संख्येने विधिकार्यालयांत आल्या. १९२९ मध्ये कॅलिफोर्नियात आरंभ झालेल्या विधिसचिवांच्या संघटनेने पुढे परीक्षा व प्रमाणपत्रे यांची व्यवस्था उभी केली. भारतात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये लघुलेखन व सचिवीय साहाय्य यांचे अभ्यासक्रम आहेत. पण न्यायालयीन कामाचा प्रत्यक्ष अनुभव जुन्या कारकुनाच्या हाताखालीच घ्यावा लागतो.

सद्यःस्थिती : २००७ पासून राबविल्या गेलेल्या ई-न्यायालय प्रकल्पाने या व्यवसायाचे स्वरूप बदलले आहे. प्रत्येक प्रकरणास सोळा अंकाक्षरांचा क्रमांक मिळतो, पुढची तारीख पक्षकारास भ्रमणध्वनीवर कळते, आदेशाची प्रत संगणकावर पाहता येते. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर येथील न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत ‘न्याय कौशल’ या देशातील पहिल्या ई-संसाधन केंद्राचे उद्‌घाटन तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी केले. तेथून देशातील न्यायालयांत ई-दाखलीकरणाची सोय झाली. तारीख विचारण्यासाठी कारकुनावर विसंबण्याची गरज त्यामुळे कमी झाली असून माहिती दडवून पक्षकारास फेऱ्या मारावयास लावण्याच्या अपप्रवृत्तीसही काहीसा आळा बसला आहे.

मात्र संगणक तारीख सांगतो. त्या तारखेस कोणता कागद हवा व तो कोणत्या कचेरीत मिळेल, हे सांगत नाही. नकाशे, जुने उतारे व मोडी दस्त जमविणे, ते क्रमाने लावून त्यांच्या स्वच्छ प्रती काढणे आणि गोंधळलेल्या पक्षकाराकडून हकिकत काढून घेणे ही कामे पूर्वीइतकीच आवश्यक आहेत. त्यांत आता ई-दाखलीकरण, अंकीय स्वाक्षरी व विदागुप्तता यांची भर पडली आहे. हाताखाली शिकण्याची जुनी परंपरा विरळ होत असताना तिची जागा घेणारे पद्धतशीर प्रशिक्षण उभे राहिले नाही, तर त्याची झळ सर्वप्रथम पोहोचेल ती दूरच्या तालुक्यातून एकदाच न्यायालयाची पायरी चढणाऱ्या पक्षकाराला. मोठ्या विधिसंस्थांना प्रशिक्षित कर्मचारी मिळतातच. लहान वकिलाच्या बैठकीत ते कसे उपलब्ध व्हावेत, हा न्याय सर्वांना सुलभ होण्याच्या प्रश्नाचाच एक भाग आहे.